तीस नंबरची गाय

अमेरिकेत कुठलीही तिथी शनिवारी येते. गणपती शनिवारी बसतो, संक्रांत शनिवारी होते, कोजागरीचा चंद्रसुद्धा बिचारा शनिवारपर्यंत ताटकळत राहतो. टेक्सासमधल्या टॉलिव्हर काउंटीत पाटणकरांच्या रँचवर वसुबारसही अकरा वर्षं शनिवारीच होत आली होती. कधी दिवाळीच्या आधी, कधी दिवाळी उलटून गेल्यावर, ज्या शनिवारी डॅलसजवळच्या अर्विंगची मराठी मंडळी मोकळी असतील त्या शनिवारी. यंदा मात्र शैलजाबाईंनी जाहीर केलं, की वसुबारस ज्या दिवशी आहे त्याच दिवशी करायची. म्हणजे सोमवारी, एक नोव्हेंबरला.

"मागच्या वर्षी कोणी येऊच शकलं नाही," त्या म्हणाल्या. "यंदा येतील तेवढे येतील, पण दिवस तरी खरा असू दे."

सोमवारची रजा टाकून दोन तास ड्राइव्ह करत येणारं एकच माणूस निघालं, अर्विंगची दीपा. बाकीच्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर हात जोडले. आणि एवढी चर्चा झाली त्यात घरातल्याच एका माणसाला सांगायचं राहून गेलं. रेणूला वाटलं, आईंनी मुलाला सांगितलं असेल. शैलजाबाईंना वाटलं, सुनेनं नवऱ्याला सांगितलं असेल. शैलजाबाईंच्या यजमानांना, अरुणरावांना, नेहमीप्रमाणे काहीच वाटलं नाही. आणि परीक्षितनं, पूजा शनिवारी असणार याबद्दल तिळमात्र शंका न बाळगता, काउंटीच्या शेती-ऑफिसला तपासणीसाठी सोमवार दुपार तीनची वेळ देऊन टाकली होती.

रेणूचं ऑफिस म्हणजे जेवणाच्या टेबलाचं खिडकीकडचं टोक. दुपारी दोनची मीटिंग चालू होती. कॅमेरा बंद, माइक बंद, कान अर्धा उघडा. परीक्षित टेबलावर एक जाड फाईल ठेवून बाहेर गेला होता. रेणूला लहानपणापासून एक खोड होती. बंद डबा, बंद लिफाफा आणि बंद फाईल तिला बघवत नसे. डॅलसमधला मॅनेजर पुढच्या तिमाहीबद्दल बोलत राहिला आणि तिनं फाईल उघडली.

सगळ्यात वर ऑफिसचं पत्र होतं. करोनाच्या पहिल्या उन्हाळ्यात मांसाचे कारखाने बंद पडले, जनावरांचे भाव कोसळले, तेव्हा सरकारनं रँचवाल्यांना जनावरामागे मदत दिली होती. त्या वेळी कागद कोणी मागितले नव्हते. विक्रीसाठी पाळलेली जनावरं किती, तो आकडा लिहायचा आणि सही करायची. पाटणकरांनी छत्तीस लिहिले होते. मिळालेले पैसे दोन हजार डॉलरही भरत नव्हते. आता वर्षभरानं त्यातले काही अर्ज निवडून तपासत होते आणि निवडीत पाटणकरांचा नंबर लागला होता. छत्तीस होती का, कुठून आली, पुढे त्यांचं काय झालं, दाखवा.

छत्तीसपैकी बावीस घरच्या. उरलेल्या चौदा कशा आल्या ते रेणूला पुरतं ठाऊक होतं. त्या उन्हाळ्यात विमानं बंद होती. कुणाची आई नागपूरला गेली, कुणाचे वडील पुण्यात गेले, आणि मुलं इथे अर्विंगमध्ये, न्यू जर्सीत एडिसनमध्ये, फोनवर अंत्यसंस्कार बघत बसली. दिवसकार्यात गोदान असतं. ते इथे कसं करायचं? कुणीतरी शैलजाबाईंना फोन करून रडत विचारलं, काकू, तुमच्याकडे गाई आहेत ना, एक आमच्या बाबांच्या नावानं घ्याल का. त्या हो म्हणाल्या. मग दुसरा फोन आला, मग तिसरा. ऑगस्टपर्यंत चौदा घरं झाली. लोकांनी चेक पाठवले, अरुणरावांनी शेजारच्या रँचवरून गाई आणल्या, त्यांच्या कानांत तेवीस ते छत्तीस नंबरचे टॅग लागले, आणि शैलजाबाईंनी एका वहीत प्रत्येक नंबरापुढे गेलेल्या माणसाचं नाव लिहिलं. आलेल्या गाई काही तरण्याताठ्या नव्हत्या. परीक्षित कुरकुरला, तेव्हा अरुणराव म्हणाले होते, "धर्माची गाय, दात का गं नाय." आणि प्रत्येक घराला शैलजाबाईंनी एकच शब्द दिला होता, की ही गाय म्हातारी होऊन मरेपर्यंत इथून कुठेही जाणार नाही.

फाईलच्या तळाशी जनावरांच्या लिलावाची पावती होती. तारीख मार्चमधली. नऊ गाई. पुढे परीक्षितच्या अक्षरात टॅगचे नंबर, त्यापुढे वजन. अकरा, सतरा, एकोणीस. इथपर्यंत रेणूचं बोट सहज गेलं. चोवीस. सव्वीस. एकोणतीस. तीस. तेहेतीस. पस्तीस.

तिनं पावती पुन्हा वाचली. मग खिडकीतून बाहेर पाहिलं. अंगणात पेकानच्या झाडाखाली सासूबाई एका काळ्या गाईच्या खुरांवर बादलीतलं पाणी ओतत होत्या. शेजारी वासरू उभं होतं. गाईच्या कानात पिवळा टॅग होता आणि त्यावर ठसठशीत तीस लिहिलं होतं.

तीस नंबर मार्चमध्ये विकली गेली होती आणि तीस नंबर खिडकीबाहेर पाय धुऊन घेत होती. रेणूनं लॅपटॉप बंद केला. मॅनेजरचं वाक्य अर्धंच राहिलं.

परीक्षित गवताच्या शेडमध्ये होता. तिनं पावती पुढे धरली तशी तो खालीच बसला, एका गठ्ठ्यावर. चार वर्षांपूर्वीपर्यंत हा माणूस अर्विंगमध्ये सॉफ्टवेअर टेस्ट करत होता. नोकरी गेली आणि वडिलांच्या हौसेच्या रँचवर तो पोटासाठी आला. काम तो मनापासून शिकला होता, हे रेणूला मान्य होतं.

त्यानं काहीच लपवलं नाही. फेब्रुवारीत बर्फ पडलं, पाच दिवस वीज नव्हती, पाण्याचे पाइप फुटले. गवताचे भाव दुप्पट झाले, तरी मिळेना. डॉक्टरनं जनावरं तपासली, तेव्हा नऊ गाई गाभण नव्हत्या. त्या ठेवल्या असत्या तर गाभण असलेल्या उपाशी राहिल्या असत्या. त्यानं आणि बाबांनी मिळून ठरवलं. आई तेव्हा ओहायोत डब्लिनला, त्याच्या बहिणीच्या, मोनाच्या, बाळंतपणासाठी गेली होती आणि ऑगस्टपर्यंत यायची नव्हती.

"आणि टॅग?" रेणूनं विचारलं.

"लोक फोटो मागत होते ना. दर महिन्याला. मग मी ते सहा टॅग घरच्याच सहा गाईंना लावले. सगळ्या काळ्या, यार. कोणाला कळणार होतं?"

"ते फोटो मी पाठवत होते, परीक्षित."

रेणूला सगळ्यात जास्त राग कशाचा आला असेल तर याचा. मार्चपासून दर पहिल्या तारखेला तिनं दीपाला तिच्या आईच्या नावाच्या गाईचा, तीस नंबरचा, फोटो पाठवला होता आणि खाली लिहिलं होतं, आई मजेत आहे. गंमत म्हणून लिहिलं होतं. दीपालाही ते आवडायचं.

मग तिला दुसरा प्रश्न पडला. ही पावती ऑफिसला दाखवायचीच कशाला? परीक्षितनं समजावलं, की तीच तर कामाची आहे. मदत फक्त विक्रीच्या जनावरांना होती. विकल्याची पावती म्हणजे गाई विक्रीसाठी होत्या याचा पुरावा. ती दाखवली की तपासणी दहा मिनिटांत संपते. नाही दाखवली तर नऊ गाई गेल्या कुठे?

"म्हणजे ऑफिसला सांगायचं, गाई विक्रीच्याच होत्या. आणि दीपाला सांगायचं, कधीच विकणार नाही."

"दीपा कुठे येतेय आज? पूजा शनिवारी आहे ना."

"आज आहे," रेणू म्हणाली. "दीपा साडेतीनपर्यंत पोचेल."

परीक्षितनं ऑफिसला फोन लावला. आधीच दोनदा तारीख पुढे ढकलून झाली होती, आणि तपासणीच्या बाई निघाल्याही होत्या. रेणूनं दीपाला फोन लावला. तीही निघाली होती, गाडीत आरत्या लावून. शेवटी नवराबायकोत एक तह झाला. ऑफिसच्या बाई जाईपर्यंत रेणू तोंड उघडणार नाही. त्या गेल्या की परीक्षित स्वतः आईला सांगेल. रेणूला हा तह मनापासून पटला नव्हता, पण तिनं तो केला.

मिसेस हॉलोवे तीनला पाच मिनिटं असतानाच आल्या. पन्नाशीच्या, उन्हानं रापलेल्या, पायात चिखलाचे बूट. त्यांच्या नवऱ्याचीही गुरं होती, त्यामुळे फाटकातून आत येता येता त्यांनी पाटणकरांचं कुंपण, पाण्याची टाकी आणि गवत यांची नजरेनंच तपासणी उरकली. बाईंच्या स्वभावात खोट नव्हती. उत्सुकता मात्र भरपूर होती, आणि परीक्षितला नेमकी तीच नको होती.

पडवीत अरुणरावांच्या समोर त्यांनी कागद पसरले. बावीस गाईंचं काम झटकन झालं. मग त्या चौदा चेकांवर थांबल्या. अरुणराव पस्तीस वर्षं हायवेचे पूल तपासणारे इंजिनियर, प्रत्येक चेकची प्रत ठेवलेली, आणि प्रत्येक चेकच्या कोपऱ्यात देणाऱ्यानं इंग्रजीत लिहिलेलं 'गोदान', पुढे एक नाव. ही गोदान नावाची कंपनी कुठली, असं बाईंनी विचारलं. चौदा वेगवेगळी माणसं तिच्यातर्फे गाई घेतात म्हणजे मोठी असणार.

अरुणरावांनी गोदान म्हणजे काय ते सांगितलं. मेलेल्या माणसासाठी गाय देतात. बाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांना ते फारच नवलाचं वाटलं. देतात म्हणजे कुणाला देतात? पूर्वी ब्राह्मणाला देत, अरुणराव म्हणाले, आता आम्हाला दिली. म्हणजे गाय तुमची. हो, कागदावर आमची. आणि मेलेल्या माणसाला तिचा उपयोग काय? तिथे वाटेत एक नदी लागते असं म्हणतात, ती गाईचं शेपूट धरून ओलांडायची असते. बाईंनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, की गाय पोहते चांगली, हे खरं आहे.

तेवढ्यात शैलजाबाई चहा घेऊन आल्या. कोरा. आज घरात दुधाचा थेंब चालत नाही, हे रेणूनं बाईंना समजावलं. आजच्या दिवशी दूध वासराचं. बाईंनी कोरा चहा घेतला आणि शैलजाबाईंनाही तोच प्रश्न टाकला, गाय कोणाची?

"ज्यानं सांभाळायचा शब्द दिला त्याची जबाबदारी," शैलजाबाई आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाल्या. "मालकी वगैरे मला माहीत नाही."

शाळेच्या बसमधून नुकतीच उतरलेली रुही पायरीवर दप्तर टाकून ऐकत होती. परीक्षितची ही पंधरा वर्षांची मुलगी काउंटीच्या जनावरांच्या प्रदर्शनात दर वर्षी एक गोऱ्हा उतरवायची आणि लिलावात विकून दोन दिवस रडायची. तिनं आपलं मत दिलं. "आय थिंक इट बिलाँग्ज टु द डेड पर्सन. दॅट्स द होल पॉइंट."

परीक्षितनं चर्चा तोडली. दान दिलं म्हणजे सोडलं, तो म्हणाला, देणाऱ्याचा हक्क संपला. गाई आमच्या, आणि आम्ही रँचवाले, म्हणजे गाई विक्रीच्याच. त्यानं पावती पुढे सरकवली. आईच्या अंगावरून हात पुढे करून सरकवली, पण तिच्याकडे पाहिलं नाही.

बाईंनी पावती वाचली. त्यांचं समाधान झालेलं दिसलं. त्या अरुणरावांकडे वळल्या, कारण अर्जावर सही त्यांची होती. त्या दिवशी छत्तीसच्या छत्तीस विक्रीसाठी होत्या, असं मी लिहू?

अरुणरावांनी आयुष्यात न वाचता एकाच कागदावर सही केली होती, ती हीच. परीक्षितनं ट्रकच्या फाळक्यावर कागद ठेवला, ऊन डोळ्यांत येत होतं, त्यांनी करून टाकली. ज्या माणसानं एका भेगेसाठी अख्खा पूल बंद ठेवला होता, त्या माणसानं. काउंटीत हे लोक त्यांना मिस्टर पॅट म्हणून हात वर करत, जत्रेत आपल्या शेजारी खुर्ची देत. हे मिळवायला अकरा वर्षं लागली होती. त्यांनी मान हलवली. हो की नाही ते कळू नये अशी हलवली. बाईंनी ती हो धरली आणि म्हणाल्या, उरलेली जनावरं एकदा डोळ्यांनी बघते आणि निघते.

शैलजाबाईंनी पावती वाचली नव्हती. चष्मा आत होता. पण मुलाचा हात त्यांनी पाहिला होता.

ऑगस्टमध्ये डब्लिनहून परत आल्यापासून त्यांच्या मनात एक किडा वळवळत होता. जायच्या आधी तीस नंबर त्यांच्या हातून बाजरीची भाकरी खायची. जीभ लांब करून मागायची. परत आल्यावर त्यांनी भाकरी पुढे केली तर तीस नंबरनं हुंगून तोंड फिरवलं. थंडीत सगळ्यांचं अंग बदललं, असं परीक्षित म्हणाला होता. अंग बदलतं, मान्य. आवड बदलते का? त्यांनी मुकाट्यानं चौकशी चालू ठेवली. रोज एकेका गाईला भाकरी घालून पाहिली. चौदापैकी सहा जणींनी त्यांना ओळख दिली नव्हती. त्यांनी त्या सहा नंबरांपुढे वहीत बारीक फुली केली होती आणि कुणाला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि उत्तर मिळालं असतं तर सहा घरांना ते सांगावं लागलं असतं. एवढी चौकस बाई, पण शेवटचा प्रश्न तेवढा तिनं अडीच महिने विचारला नव्हता. याची त्यांना आता लाज वाटली.

अंगणात दीपाची गाडी येऊन उभी होती. दीपा चाळिशीची, एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर, एरवी पँट-शर्टात वावरणारी. आज तिनं आईची इरकल नेसली होती. सगळ्यांना भेटण्याआधी ती सरळ झाडाखाली गेली होती. वासराच्या कपाळावर कुंकू लावून झालं होतं आणि ती गाईच्या गळ्यात झेंडूची माळ घालत होती, जरा भीत भीत. रुहीनं गाईचं दावं धरलं होतं.

मिसेस हॉलोवे नंबर वाचत, यादीवर खुणा करत आल्या. माळेचं त्यांनी मनापासून कौतुक केलं. मग कान पाहिला, यादी पाहिली आणि पुन्हा कान पाहिला.

"तीस नंबर तर माझ्याकडे मार्चमध्ये विकलेली आहे," त्या म्हणाल्या. आवाजात आरोप नव्हता. खरंच कळत नव्हतं म्हणून विचारत होत्या.

परीक्षित म्हणाला, टॅग पडतात, नवे लावताना कधी गोंधळ होतो. बाई मान डोलावणारच होत्या. टॅग पडतात हे त्यांनाही माहीत होतं. तेवढं पुरलं असतं.

"परीक्षित," शैलजाबाई मराठीत म्हणाल्या. "ही ती नाही ना?"

परीक्षितनं रेणूकडे पाहिलं. रेणूनं नजर हटवली नाही. तह मोडावा की पाळावा हे तिनं त्याच्यावरच सोडलं होतं.

"नाही," तो म्हणाला.

दीपाचे हात माळेवरच राहिले. इंग्रजी तिनं आधीच ऐकलं होतं, आता मराठीही ऐकलं. शैलजाबाई तिच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. आपल्या तोंडूनही ते सांगायला हवं, असं त्यांना वाटलं.

"दीपा, तुझ्या आईची गाय आम्ही विकली. मार्चमध्ये. मी इथे नव्हते, पण शब्द माझा होता."

दीपानं हात पुढे केला आणि पावती मागितली. मिसेस हॉलोव्यांना भाषा कळली नाही, पण प्रसंग कळला असावा. त्यांनी फाईलमधून कागद काढून दिला आणि चार पावलं मागे जाऊन कुंपणाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. दीपानं पावती सावकाश वाचली. तारीख, वेळ, वजन. तीस नंबरचं वजन अकराशे चाळीस पौंड होतं. पुढे कुठे नेली, तिनं विचारलं. कॅन्ससला, परीक्षित म्हणाला. म्हणजे कापली. हो, तो म्हणाला.

"मग मी आज पूजा कुणाची करत होते?"

रुही हळूच म्हणाली, की हिचं नाव पेपर आहे, हिला मीच लहानाची मोठी केली. दीपानं तिच्याकडे पाहिलं आणि गाईच्या पाठीवर हात ठेवला. राग गाईवर काढण्यासारखी ती नव्हती.

"नागपूरला घाटावर कोणीतरी पीपीई किट घातलेला माणूस फोन धरून उभा होता," ती म्हणाली. "त्याचा हात हलत होता. मला आई नीट दिसलीच नाही, काकू. दर महिन्याला हा फोटो यायचा, तो मी झूम करून बघायचे. डोळे, कान, सगळं. म्हणायचे, हे तरी नीट दिसतंय." तिनं पावती परीक्षितच्या हातात दिली. "दुष्काळ पडला, बर्फ पडलं, विकावी लागली, हे मला सांगितलं असतं तर मी हो म्हटलं असतं. देऊन टाकलेलीच होती. फोटो कशाला पाठवले?"

रेणूनं तोंड उघडलं, ते मी पाठवले असं सांगायला, पण तिला रडूच आलं. परीक्षित मान खाली घालून म्हणाला, की रेणूला माहीत नव्हतं, तिला आज दुपारी कळलं. लग्नाला सतरा वर्षं झाली होती. आपल्या चुकीतून बायकोला आधी बाहेर काढण्याचं त्याला पहिल्यांदाच सुचलं होतं.

अरुणराव इतका वेळ पडवीत होते. ते काठी न घेताच खाली आले आणि कुंपणाशी मिसेस हॉलोव्यांपाशी गेले. त्यांनी सांगितलं, चौदा खोडा. त्या दिवशी चौदा गाई विक्रीच्या नव्हत्या. नंतर त्यातल्या सहा विकल्या, तो आमचा वेगळा गुन्हा, तुमच्या कागदाशी त्याचा संबंध नाही. बाईंनी त्यांना नीट समजावलं, की कागद आहेत तसे पुरेसे आहेत, कोणी हरकत घेणार नाही. खोडले तर चौदांचे पैसे व्याजासकट परत करावे लागतील, आणि चुकीचा आकडा लिहून सही केली होती, अशी नोंद तुमच्या नावापुढे राहील. आणि या काउंटीत अशा नोंदी कॉफीच्या दुकानात आधी पोचतात, मिस्टर पॅट.

"मी वाचलं नव्हतं," अरुणराव म्हणाले. "तेही लिहा."

बाईंनी लिहिलं. त्यांची नवी सही घेतली. ती त्यांनी तीनदा वाचून केली. जाताना बाई दीपाजवळ थांबल्या, तुमच्या आईबद्दल वाईट वाटतं म्हणाल्या, आणि चिखलाचे बूट झटकून गाडीत बसल्या.

दीपाही थांबली नाही. गवारीची भाजी, भाकरी, सगळं तयार होतं. रेणूनं डबा भरून आणला. दीपानं तो घेतला नाही. गाडीचं दार उघडून ती शैलजाबाईंना म्हणाली, "बाकीची पाच घरं कुठली मला माहीत नाही. पण ग्रूपवर मी पण आहे. उद्या मला कोणी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही, काकू. तुम्ही आज सांगा."

"आजच सांगते," शैलजाबाई म्हणाल्या.

सूर्य कलल्यावर त्यांनी अर्धवट राहिलेली पूजा पुरी केली. पेपरनं उडदाचा वडा खाल्ला आणि वासरानं माळेतला झेंडू. त्या दोघांचा यात काही दोष नव्हता. मग हातपाय धुऊन त्या आत आल्या, वही उघडली आणि चष्मा लावला. पाच नावं होती. पहिलं एडिसनच्या सीमाच्या वडिलांचं, चोवीस नंबर. शैलजाबाईंनी आपला फोन हातात घेतला, नंबर काढला आणि बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या. एवढ्या धीराची बाई, पण त्यांचा अंगठा काही खाली जाईना.

परीक्षितनं तो फोन त्यांच्या हातून घेतला आणि बटण दाबलं. रेणू खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसली.

दुसऱ्याच रिंगला सीमानं उचलला. फोनवर शैलजाबाईंचं नाव दिसलं असणार, कारण तिनं बोलायलाच सुरुवात केली. वसुबारसेच्या शुभेच्छा काकू, किती दिवसांनी. मागे मुलांचा गलका होता. यंदा इथे गाय कुठून आणणार म्हणून तिनं बाबांच्या गाईचा फोटो मोठा प्रिंट करून आणला होता, फ्रेम केली होती, आत्ताच देवापाशी ठेवून मुलांनी तिला कुंकू लावलं होतं. अनन्या तर गाईला आजोबा म्हणते, ती सांगत होती आणि हसत होती.

टेबलाच्या पलीकडून शैलजाबाईंनी फोनसाठी हात पुढे केला. परीक्षितनं तो दिला नाही.

"सीमाताई, मी परीक्षित बोलतोय," तो म्हणाला. "ती बाबांची गाय नाही."